सवलतीतला अंधार

मे महिन्यात युरोपास जाणे हे सामान्य जनांचे लक्षण होय, अशी खूणगाठ मनाशी बांधून गिरगाव-दादरकडील एखादे सेवानिवृत्त दांपत्य जेव्हा ऐन डिसेंबरात आइसलंडची वाट धरते, तेव्हा त्यामागे निसर्गप्रेमापेक्षा हंगामाबाहेरच्या सवलतीची प्रेरणाच अधिक बलवत्तर असते, हे चाणाक्ष शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. विमानाचे भाडे उतरते, हॉटेलवाला नरमतो. परंतु शेंगेन व्हिसाचे माणशी ९० युरो मात्र त्या दरबारी बारमाही वसूल होतात, आणि प्राप्तिकराच्या दस्तऐवजांची तहानही कोणत्याच ऋतूत शमत नाही. रेक्याविकला त्या दिवसांत सूर्यनारायण जेमतेम चार-पाच तास हजेरी लावतात. तथापि अंधार हे वैगुण्य नसून उत्तरध्रुवीय प्रकाशाच्या दर्शनाची पूर्वअटच आहे, असे यजमान सौभाग्यवतींस पटवून देतात, आणि आकाश मेघाच्छादित राहिले, की ती अट एकतर्फी पाळली गेल्याचे उभयतांस कळून चुकते. अखेरीस स्वार्त्सेंगी येथील भूऔष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर वसलेल्या ब्लू लगूनमध्ये, भरभक्कम शुल्क मोजून, मानेपर्यंत बुडालेल्या अवस्थेत, “अहो, वज्रेश्वरीची कुंडे काय वाईट होती?” हा प्रश्न उपस्थित होतो. प्रश्न रास्त आहे; परंतु वज्रेश्वरीस जाऊन आल्याने चाळीच्या गॅलरीत कोणाची इभ्रत वाढल्याचे आजवर ऐकिवात नाही.