राईचं पार्किंग

गावाहून पत्रिका आली आहे. गुळगुळीत कागद, चार रंग आणि आतल्या पानावर मान्यवरांचे इतके फोटो की मतदार यादी वाटावी. ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला असून सकाळी नऊला होमहवन, साडेअकराला कलशारोहण, दुपारी महाप्रसाद, रात्री डबलबारी भजन. आणि मधल्या फटीत, बारीक टायपात एक ओळ: 'दु. ३ वा. मान्यवरांच्या शुभहस्ते मंदिर परिसरात वृक्षारोपण.'

ही ओळ मी तीनदा वाचली. कारण त्या परिसरात दोन वर्षांपूर्वीपर्यंत वृक्षांशिवाय दुसरं काही नव्हतंच.

आमची देवी राईत असायची. शेंदूर फासलेला एक पाषाण, भिंत नाही की छप्पर नाही. छप्पर घातलं तर देवी कोपते, असं जुनी माणसं सांगत. तसं छप्पर हवं होतं कुणाला? बेहडा, किंजळ आणि सातवीण यांनी वर अशी दाटी केलेली की आषाढातला पाऊसही देवीपर्यंत जरा उशिराच पोचायचा. गारंबीची वेल अजगरासारखी या झाडावरून त्या झाडावर गेलेली. तिच्या हातभर लांब शेंगांकडे आम्ही पोरं तलवारी म्हणून बघायचो. घ्यायची मात्र हिंमत नव्हती. बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी घालायला शिरायची आणि दार लिंपून एक फट तेवढी ठेवायची. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला फळं भरवायचा. "गावात असा घोव एकच," असं आमची आते काकांच्या देखत म्हणायची.

राईचे नियम सोपे होते. चपला बाहेर. आरडाओरडा नाही. पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. सरपणासाठी दोन डोंगर चढणं आतेला मंजूर, राईतली काडी नामंजूर. एकदा एका चुलत्यानं तिथलं वाळकं लाकूड उचलून आणलं आणि त्याच रात्री त्याच्या म्हशीचं पोट फुगलं. लाकूड उजाडायच्या आत परत राईत गेलं, दुपारपर्यंत म्हैस बरी झाली. गुरांचे डॉक्टर म्हणतील, कोवळा चारा जास्त झाला असेल. म्हणोत. त्या एका म्हशीच्या पोटफुगीवर आमची राई पुढं तीस वर्षं शाबूत राहिली. बिनपगारी, बिनरजेचा एवढा कडक वनरक्षक वनखात्याला अजून भरता आलेला नाही.

मग गावाला पैसा दिसला. मुंबई मंडळाच्या सभेत कुणीतरी कळवळून म्हणालं, "शेजारच्या गावची देवी संगमरवरात बसते आणि आपली उघड्यावर भिजते!" सभेला हुंदका आला. देवी शेकडो पावसाळे भिजली होती; पण तेव्हा तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी टाकला नव्हता. रीतीप्रमाणे गुरवानं कौल लावला. देवीनं डावा दिला. पुन्हा लावला, पुन्हा डावा. तिसऱ्या खेपेला कंत्राटदाराची जीप पाषाणाशेजारी चालू उभी होती, जमीन थरथरत होती. पाकळी उजवी पडली. सर्वांनी 'होय म्हाराजा' म्हटलं.

आधी गाभारा, मग सभामंडप. सभामंडप झाला म्हणून हायमास्ट. हायमास्ट लागला म्हणून रात्रीचे कार्यक्रम. कार्यक्रमांना गाड्या येणार म्हणून पार्किंग. राईचा पर्वत करणारे पुष्कळ पाहिले होते. राईचं पार्किंग करणारे आमचेच. पातेऱ्याचा गुडघाभर थर 'अस्वच्छता' म्हणून ट्रॉलीतून उचलला गेला आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसले. आता परिसर इतका स्वच्छ आहे की पावसाचं पाणीसुद्धा तिथे थांबत नाही.

कुणी म्हणेल, सरकार काय करत होतं? सरकार मोजत होतं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचं वनाच्छादन मोजते. तिची व्याख्या उदार आहे: एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन आणि तिच्या दहा टक्क्यांहून जास्त भागावर झाडांचं छत असेल तर ते वन. मालक कोण, झाड कुठलं, याची चौकशी नाही. त्यामुळे आमच्या मावसभावाची हापूसची बाग हे वन आहे. हे त्याला कळल्यापासून तो बागेत जाताना शिट्टी घेऊन जातो. आमची राई भरली अडीच एकराच्या आत, म्हणजे हेक्टरला थोडी कमी. मग तिला अहवालात वन कोण म्हणणार? तिची नोंद झालीच तर सुट्या झाडांच्या रकान्यात, शाळेच्या आवारातल्या गुलमोहरांच्या पंगतीला.

व्याख्यांच्या बाबतीत बांबूइतकं कुणी भोगलं नसेल. तो जातीचं गवत. पण १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपजात बसवलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी आपलाच बांबू गावाबाहेर न्यायचा पास हातात पडायला २०११ उजाडलं. पुढं २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर उगवलेला बांबू झाड राहिला नाही. जंगलातला मात्र अजून वनोपजच आहे. कुंपण ओलांडलं की जात बदलते, असं हे एकमेव गवत.

राहिली लागवड. त्यात आपला हात कोण धरणार? राज्यात २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य होतं. देव तेहतीस कोटी, झाडंही तेहतीस कोटी. दोघांचीही हजेरी घेता येत नाही, हा आणखी एक गुण जुळला. आमच्या गावातही तेव्हा खड्डे झाले. खड्डा कायम नोकरीत असतो, रोप रोजंदारीवर. दर जुलैला खड्डा तोच आणि रोप नवं. ताम्हण हे राज्याचं फूल. पण खड्ड्यात उतरलं मध्य अमेरिकेतलं गिरीपुष्प, ऑस्ट्रेलियातली बाभूळ आणि मादागास्करचा गुलमोहर. धनेशाला यातलं काय खाता येतं, हे विचारायला आता बेहड्याची ढोलीही जागेवर नाही.

आता कुणी म्हणेल, हा लेखक शहरात बसून गावकऱ्यांना अंधश्रद्धा शिकवतोय. तर एक जुनी गोष्ट सांगतो. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाची राई तेव्हा वनखात्याच्या तोडीत आली होती आणि ती वाचवायला मदत करा, म्हणून गावकऱ्यांनीच वर्तकांना कळवलं. हे दोघं गावात गेले तेव्हा लोकांनी कोपाचा बागुलबुवा दाखवला नाही. त्यांनी ओढा दाखवला. राई गेली तर हा आटेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. देवाच्या नावाखाली गावानं पाण्याचा हिशेब ठेवला होता. आम्ही नाव ठेवलं, वही रद्दीत घातली.

आमच्याही राईच्या पायथ्याशी झरा होता. लहानपणी मे महिन्यात आम्ही त्यात कैऱ्या धुतल्या आहेत. यंदा तो होळीलाच आटला. मंदिरासाठी बोअर मारली, ती धूळ ओकली. सध्या देवीच्या अभिषेकाचं पाणी टँकरनं येतं आणि त्या टँकरला उभं राहायला प्रशस्त पार्किंग आहे.

हे सगळं लिहिण्याचा मला अधिकार कितपत आहे, तेही सांगतो. जीर्णोद्धाराची पावती मीही फाडली, पाच हजार एक रुपयांची. पाच हजारांवर देणाऱ्याचं नाव लादीवर कोरायचं ठरलं होतं. माझी लादी कुठे बसली, त्याचा फोटो समितीनं आवर्जून पाठवला. फोटोत मागं सातविणीचा वठलेला शेंडा दिसतो, त्यावरून जागा ओळखली. बेहडा होता तिथंच.

समितीला कळवलं आहे: तीन वाजताचा कार्यक्रम रद्द करा. मागच्या उतारावर राईचा सात-आठ गुंठ्यांचा तुकडा अजून उभा आहे, कारण तिथे जेसीबी चढला नाही. तिकडे फावडं नेऊ नका, मान्यवर नेऊ नका, पातेरा झाडू नका. चपला बाहेर काढायचा जुना नियम तेवढा पाळा. उत्तर आलेलं नाही. फक्त हात जोडलेली दोन चित्रं आली आहेत.

तुमच्या गावाहूनही अशी पत्रिका येईल. पावती फाडण्याआधी कलश किती किलोचा हे विचारू नका. झरा कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो, ते विचारा.