चाररेघी वही बाजूला ठेवा

साकीनाक्याला मेट्रोच्या जिन्याखालून खैरानी रोडकडे वळलं की गाळ्यांच्या रांगेत मधूनच एखादी रंगीत पाटी दिसते. प्ले ग्रुप, नर्सरी, ज्युनिअर, सिनिअर. आत एकच खोली, एकच पंखा, आणि मांडीला मांडी लावून बसलेली तीन-साडेतीन वर्षांची मुलं. समोर चाररेघी वही, हातात पेन्सिल. शेजारच्या गाळ्यातलं मशीन धडधडत असतं आणि मुलं ‘ए’ गिरवत असतात. पानभर. ते संपलं की घरी करायला आणखी एक पान.

हे थांबवायला हवं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चाच असतात आणि एकेक करत ती घट्ट व्हायला मुलाची पहिली दहा-बारा वर्षं जातात. त्या हाताला तिसऱ्या वर्षी रेघेत बसणारं अक्षर काढायला लावायचं आणि जमलं नाही की ‘लक्ष नाही याचं’ म्हणायचं, हा मुलावर अन्याय आहे. तो हात आधी माती मळणार, कागद फाडणार, पाणी ओतणार, मणी ओवणार. पेन्सिल धरायची ताकद तिथूनच येते.

याच गल्लीत दुपारी उंबऱ्यावर बसलेली चार वर्षांची मुलगी बघा. पुढ्यात बाटल्यांच्या झाकणांचा ढीग. आधी ती लाल आणि निळी वेगळी करते. मग निळ्यांतली मोठी एकीकडे, छोटी एकीकडे. मग रांग लावते, मध्येच एक झाकण बसत नाही म्हणून सगळी रांग सरकवते. वर्गीकरण झालं, क्रम झाला, चूक शोधून दुरुस्तही झाली, आणि हे सगळं तिला कोणी न सांगता. तेवढ्यात आतून हाक येते, ‘खेळ पुरे, अभ्यासाला बस!’ आणि चालू असलेला अभ्यास मोडतो.

महाराष्ट्राला तर हे नव्याने शिकायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी 1936 साली दादरला शिशुविहार काढलं, 1945 साली त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 पासून दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर काम केलं. माँटेसरीची महागडी साधनं वारली पाड्यांवर कुठून आणणार? त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं हाताशी घेतली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. तिथली साधनं पाड्यावरची होती, तशी इथली साधनं साकीनाक्याची असू शकतात. पुठ्ठ्याची खोकी, कापडाच्या चिंध्या, दोऱ्याची रिकामी रिळं या वस्तीत काय कमी आहेत? धुवून, धार नाही ना एवढं बघून मुलांपुढे ठेवायची. (आणि घरात भोजपुरी, गल्लीत हिंदी, शेजारी मराठी ऐकणाऱ्या मुलाला आधी भरपूर बोलू द्या. इंग्रजी अक्षरं पळून जात नाहीत.)

आईबापांना मी दोष देणार नाही. बारा-बारा तास राबून ते फी भरतात आणि वहीत काही दिसलं नाही की त्यांच्या पोटात गोळा येतो. पहिलीच्या प्रवेशाला मुलाला लिहायला लावतील, ही ती भीती. खरं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी घातली आहे. पहिल्यांदा मोडल्यास 25 हजारांपर्यंत दंड, नंतर दर वेळी 50 हजार. यशपाल समिती तर 1993 सालीच सांगून गेली होती की नर्सरीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हे वय खेळातून शिकण्याचं म्हणून मांडलं. कागदावर सगळं झालेलं आहे. त्या गाळ्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलेलं नाही.

म्हणून पालिकेकडे मागणी करू या: वस्तीजवळच्या तिच्या शाळांची पटांगणं रोज दोन तास लहान मुलांसाठी उघडा आणि तिथे अंगणवाडी सेविकेला बसायला सावली द्या. आणि पालकांनो, प्रवेश घेताना बाईंना एकच विचारा: माझं मूल दिवसातून किती वेळ खेळणार? उत्तरादाखल त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुढे केला, तर फी भरू नका.