तेरखेड्यात आधुनिक व्हायची रीत

आधुनिक होण्याआधी घरात नातू आहे का, ते पाहावं. सहावी-सातवीतला उत्तम. दहावीच्या पुढचा नको, तो कंटाळा करतो.

मग आधारला मोबाईल नंबर जोडावा. स्वतःचा जोडू नये. थोरला मुलगा चाकणला कंपनीत असतो, त्याचा जोडावा. घरात रिचार्ज कायम त्याच्याच फोनला असतं. पीएम किसानच्या दोन हजारांसाठी ओटीपी त्याच्याकडं जाईल. तो ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. तोवर सेतू केंद्रासमोर चहा घ्यावा. थोरल्याचा फोन आला की आकडे मोठ्यानं म्हणावेत, म्हणजे अख्ख्या रांगेला पाठ होतात. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' ही सूचना त्यानंतर वाचावी. जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव सापडलं नाही तर उस्मानाबाद शोधावं. सरकारनं नाव बदललं, ते सगळ्या यंत्रांना कळलंच असेल असं नाही.

ई-पीक पाहणी राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून आहे. आधी पेरा लिहायचं काम तलाठ्याकडं होतं, आणि तो चावडीत बसूनही पीक ओळखायचा. आता आपणच गटात उभं राहून सोयाबीनचा फोटो काढायचा. काम तलाठ्याचं, चिखल आपला. याला सेवा दारात येणं म्हणतात. रेंज बांधावरच्या लिंबाखाली आणि पीक खाली वाफ्यात असेल, तर नातवाला मधे उभं करावं. 2025 च्या खरिपाआधी अतिवृष्टीनं पीक गेलं तर विम्यासाठी 72 तासांत कळवावं लागायचं. पावसाबरोबर टॉवरही बंद पडायचा, ते तासही या 72 तच धरले जायचे.

मोटरला मोबाईल स्टार्टर जरूर बसवावा. रात्री थ्री फेज आली की अंथरुणातूनच फोन लावायचा, मोटर चालू. मग खरंच पाणी येतंय का ते पाहायला बॅटरी घेऊन विहिरीवर जावं.

फटाक्यांच्या कामावर जाणाऱ्यांनी रेशन दुकानाच्या दिवशी हात दोनदा धुवावेत. बोटांवरची चंदेरी पूड आणि झिजलेल्या रेषा यांचं मशीनशी पटत नाही. अंगठा केसांवर घासून पुन्हा लावावा. माणूस तोच आहे हे दुकानदाराला वीस वर्षं ठाऊक आहे, पण त्याचं मत आता विचारत नाहीत.

आता गावचा मुख्य धंदा, फटाके. 2018 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं कमी धुराचे, हरित फटाकेच विकावेत असा आदेश दिला. अशा फटाक्यांचं सूत्र नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं तयार केलं आणि खोक्यावर क्यूआर कोड आला. स्फोटकांचे परवाने देणारं मुख्य कार्यालयही नागपुरातच, त्यामुळं तेरखेड्याच्या वातीचं एक टोक विदर्भात असतं. गिऱ्हाइकाला दोन कोड नीट दाखवावेत: गल्ल्यावरचा पैशांचा, खोक्यावरचा ज्ञानाचा. घाईत लोक खोक्यावरचाच स्कॅन करतात आणि 'पैसे जात नाहीत' म्हणून भांडतात. वादावादी वाढली तर ज्ञान तिथंच मिटवून पैशांचा कोड पुढं करावा.

खरी गंमत पुढं आहे. जेवण, चप्पल, लग्नाचं स्थळ, सगळं फोनवर मिळतं. फटाका मात्र मिळू नये असं त्याच आदेशात आहे. ई-कॉमर्सवाल्यांना फटाक्यांची ऑनलाईन ऑर्डर घ्यायला बंदी. म्हणजे इतकी वर्षं ज्या गावाला 'ऑनलाईन व्हा' म्हणून सांगितलं, त्याच्या मुख्य मालालाच ऑफलाईन राहायचा हुकूम आहे. तेव्हा पुण्याहून कुणी 'कुरिअर करा' म्हणालं तर नम्रपणे सांगावं: राष्ट्रीय महामार्ग 52 धरा, सोलापूरकडून येत असाल तर येरमाळ्याच्या पुढं या आणि फोन करा. लोकेशन पाठवू नये. ते बघत लोक पुढं पारगावला जाऊन पोचतात.

पैसे जमा झाले की दुकानातला डबा बोलतो. पलीकडं कुणी तोटा वाजवून बघत असलं तर ऐकू येत नाही. मग मेसेज पाहावा. तो आला नसेल तर नगद घ्यावी.