नोटेवरचं बेट

अंदमानला गेलेल्या मराठी कुटुंबात ‘उद्या बोटीने कुठे जायचं’ यावर जेवढा खल होतो, तेवढा मुलीच्या लग्नातही होत नाही. एजंट सांगतो, नॉर्थ बे घ्या. का? तर जुन्या वीसच्या नोटेमागे तिथलंच चित्र आहे! एवढ्यावर काका विरघळतात. (२०१९पासून नव्या वीसच्या नोटेवर वेरूळ आहे. ते संभाजीनगरहून तासाभरावर; काकांनी अजून पाहिलेलं नाही.) नॉर्थ बेला उतरलं की काचेच्या तळाची बोट, सी-वॉक, स्कूबा, प्रत्येकाचे पैसे वेगळे. प्रवाळ बघायला गेलेली मंडळी दरपत्रक पाठ करून परततात.

दुसरा पर्याय जॉली बॉय. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट, प्रवाळ खरोखर बघण्यासारखं. पण वनखात्याचा परवाना काढा, बेटावर टपरी नाही, आणि एकदाच वापरायचं प्लास्टिक वंडूरच्या धक्क्यावरच सोडायचं. म्हणजे बाकरवडीची पिशवी, चिवड्याची पिशवी आणि या दोन पिशव्या ठेवलेली तिसरी पिशवी. शिवाय पावसाळ्यात हे बेट बंद; तेव्हा रेड स्किन हे दुसरं बेट उघडतं, प्रवाळाला उसंत मिळावी म्हणून. सरकारी खात्यांच्या सुट्ट्या काकांना मान्य आहेत, त्यांनी तीस वर्षं उपभोगल्याही; पण दगडासारख्या दिसणाऱ्या गोष्टीला सहा महिने रजा?

काकू एवढंच विचारतात, “तिथे चहा मिळतो का हो?”

नॉर्थ बेची तिकिटं निघतात.