म्हाडाचं घर लागण्याची शास्त्रोक्त पद्धत

मुंबईत स्वस्तातलं सरकारी घर हवं असेल तर आधी आपली गरिबी मापात बसवून घ्यावी. नुसती असून उपयोग नाही, ती सगळ्यांकडेच असते. म्हाडाच्या सोडतीत नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर तुम्ही अत्यल्प गटात, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च. म्हणून अर्ज भरायच्या आदल्या वर्षी बायकोने शिकवण्या वाढवू नयेत आणि आपण ओव्हरटाइमला हात लावू नये. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना दिवाळीचा बोनस जरा बरा मिळाला आणि बेरीज ६ लाख ४ हजारांवर गेली. ऑफिसात बारा वर्षं बढती मिळाली नव्हती. म्हाडात बसल्या जागी मिळाली, अत्यल्पातून अल्पात. दोन दिवस बायको त्यांच्याशी बोलत नव्हती.

माप जमलं की कागदांकडे वळावं. पूर्वी कागद एकवीस लागत आणि तेही घर लागल्यावर. २०२३ पासून सगळं ऑनलाइन झालं, कागद पाच-सात उरले आणि ते आधीच तपासले जातात. म्हणजे पूर्वी माणूस घर लागल्यावर बाद व्हायचा, आता घर लागण्याआधी होतो. वेळ वाचतो.

या कागदांतलं महाकठीण प्रकरण म्हणजे अधिवास प्रमाणपत्र, बोलीभाषेत डोमिसाइल. तुमच्याकडे घर नाही हे तर सांगायचंच, पण तुम्ही पंधरा वर्षं या राज्यात कुठे राहत होता याचा पुरावाही द्यायचा. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. आपण अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर भांडुप, दिवा, पुन्हा भांडुप, मग कांजूर असे फिरलेलो. एका मालकाने करारच केला नव्हता, दुसऱ्याने केला पण विजेचं बिल दाखवायला नकार दिला. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला कामी येतो. पोरवयात वर्गात पाठ झालेलं काही कामी आलं नाही, पण तिथून बाहेर पडल्याचा कागद आला.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘बाळकिसन’ आहे आणि आधारवर ‘बाळकृष्ण’. दाखले काढून देणाऱ्या खिडकीतल्या ताईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘‘यातले तुमचे वडील कोणते?’’ मी म्हटलं, दोन्ही. ‘‘मग तसं प्रतिज्ञापत्र करून आणा.’’ आणलं. वडील हयात असते तर त्यांनाही ऐकून बरं वाटलं असतं. जुनं डोमिसाइल घरात असेल तरी हुरळून जाऊ नये, त्यावर बारकोड आहे का बघावं. नसेल तर तुम्ही महाराष्ट्रात राहत होता, पण बारकोडाशिवाय राहत होता.

सगळे कागद बटणाच्या फाइलमध्ये ठेवावेत. आमची फाइल देव्हारा आणि तांदळाचा डबा यांच्या मध्ये असते. दोन्हीकडून कृपा व्हावी, हा हेतू.

आता गट. मुंबई मंडळाच्या ऑक्टोबर २०२४ च्या सोडतीचे आकडे मी वहीत उतरवून ठेवलेत. घरं २,०३०, अर्ज १,१३,८११. अत्यल्प गटात ३५९ घरांसाठी ४७,१३४ अर्ज, म्हणजे एका घरामागे १३१ माणसं. अल्प गटात ६२७ घरांना ४८,७६२, एकामागे ७८ च्या आसपास. मध्यम गटात मात्र ७६८ घरं आणि ११,४६१ अर्ज, एकामागे जेमतेम पंधरा. तेव्हा गरिबांसाठीच्या योजनेत घर मिळवायचं असेल तर आधी थोडं श्रीमंत व्हावं, असं माझं अनुभवी मत आहे.

ते जमत नसेल तर राखीव कोटे पाहावेत. पत्रकारांना २.५ टक्के, कलाकारांना २ टक्के आणि आजी-माजी आमदार-खासदारांनाही २ टक्के. कलाकार व्हायला कला लागते, म्हणून निवडणूक लढवणं सोपं. फक्त घर कुठलं लागतं ते पाहून अर्ज करावा. २०२३ च्या सोडतीत एका आमदारांना ताडदेवचं साडेसात कोटींचं घर लागलं आणि परवडत नाही म्हणून त्यांनी ते परत केलं. बातमी वाचून आमच्या चाळीत फार आपलेपणा वाटला. आमदारही आपल्यातलेच निघाले.

दलालाच्या नादी लागू नये. म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही, हे प्रत्येक जाहिरातीत छापलेलं असतं. तरी चहाच्या टपरीवर आवाज खाली आणून ‘‘आपली आत सेटिंग आहे’’ म्हणणारा एक माणूस प्रत्येकाला भेटतोच. त्याला एकच प्रश्न विचारावा: तुम्ही स्वतः कुठे राहता? बहुतेकदा तोही भाड्याने राहतो.

अर्जाचं शुल्क जीएसटी धरून ५९० रुपये. ते गेले समजावेत. अत्यल्प गटाची अनामत २५,००० रुपये, ती घर न लागल्यास परत येते, बिनव्याजी. आमची अनामत बायकोच्या भिशीतून जाते. भिशी उचलायला तिला दरवेळी बोली लावावी लागते, त्यात दोनेक हजार सुटतात. ते परत येत नाहीत.

आणि समजा लागलं? ही पायरी मार्गदर्शकांत कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्यांपैकी कुणी तिथवर गेलेलं नसतं. मीही नाही, पण हिशेब करून ठेवलाय. उपनगरातलं अत्यल्प गटाचं घर तीस लाखांचं धरा. देकारपत्र आलं की ठरल्या मुदतीत आधी २५ टक्के भरायचे, उरलेले ७५ टक्के नंतर. तीस लाखांचे २५ टक्के म्हणजे साडेसात लाख. वर्षाला सहा लाखांच्या वर कमवत नाही म्हणून ज्याला घर लागलं, त्याने साडेसात लाख एकरकमी आणायचे. मग त्याने बँकेत जायचं आणि ज्या पगाराच्या स्लिपने गरिबी सिद्ध केली, तीच स्लिप दाखवून ऐपत सिद्ध करायची. हे ज्याला साधतं त्याला खरं तर कलाकारांच्या कोट्यातूनच घर द्यायला हवं.

घाई असेल त्यांनी विरार-बोळींजला जाऊन यावं. तिथली घरं सोडतीत खपली नाहीत म्हणून कोकण मंडळाने ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ देऊन विकायला काढली. पाण्याची चौकशी आधी करावी. मी रविवारी गेलो होतो, घर उत्तम आहे. कांजूरच्या नोकरीवरून घरी पोचेपर्यंत मुलं झोपलेली असतील, एवढंच.

सोडतीच्या दिवशी नारळ फोडायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पूर्वी ड्रममधून चिठ्ठ्या निघत, तेव्हा देवाला हात घालायला जागा होती. आता संगणक आहे. तरी बायको मोबाइल देव्हाऱ्यात ठेवते, मेसेज तिथेच यावा म्हणून. मागच्या वेळी आला. ‘‘अनामत परत केली जाईल,’’ असा.

त्याच आठवड्यात मालक वर आले. दर सोडतीनंतर ते आवर्जून विचारतात, ‘‘म्हाडा लागली का?’’ मी नाही म्हटलं. ‘‘अरेरे,’’ म्हणाले, चहा घेतला आणि नव्या करारात भाडं हजाराने वाढवलं. करार अकरा महिन्यांचा आहे. बायकोने त्याच्या दोन झेरॉक्स काढून फाइलला लावल्या, राहत असल्याचा पुरावा म्हणून.