कोंडा गुरांना, गोळी माणसांना

तांदळातले ब-१ जीवनसत्त्व मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते, म्हणून गिरणीत आधी तेच काढले जाते. उरलेले तीन पाण्यांनी धुऊन मोरीत जाते, त्यातूनही टिकलेले पेजेबरोबर ओतले जाते. भात मात्र पांढराशुभ्र, मोकळा, पाहुण्यांसमोर वाढण्याजोगा होतो. जावा बेटावर डच डॉक्टर आयकमन यांच्या कोंबड्या असाच सुबक भात खाऊन लुळ्या पडल्या आणि कोंड्यासकटच्या तांदळावर पुन्हा चालू लागल्या. १९२९ साली नोबेल आयकमन यांना मिळाले. कोंबड्यांचा उल्लेख पुस्तकांतच राहिला. कोकणातला उकडा तांदूळ सालासकट उकडल्याने हे सत्त्व दाण्यात मुरते. पण तो दिसायला जाडाभरडा. शहरात त्याला आमंत्रण आजारपणापुरतेच. बाकी दिवशी कोंडा गोठ्यात जातो आणि ब-१ औषधांच्या दुकानातून पाकिटात परत येते.