१४.७ वरून १०

मेगापिक्सेल जास्त तो कॅमेरा भारी, ही श्रद्धा मी २००८ साली कॅननच्या पॉवरशॉट जी-१० सोबतच विकत घेतली. मेगापिक्सेल १४.७. घरी आलेल्या पाहुण्यांना चहाच्या आधी हा आकडा ऐकावा लागे, तोही दशांश चिन्हासकट. काढायचो काय, तर मुंजी, उकडीचे मोदक आणि नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा.

पुढच्याच वर्षी जी-११ आला. मेगापिक्सेल १०. स्क्रीन तीन इंचांवरून २.८ वर. झूम होता तेवढाच, पाचपट.

"पैसे आपण द्यायचे आणि मेगापिक्सेलही आपलेच जायचे?" हिने विचारलं.

मी शास्त्राचा आधार घेतला. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर करंगळीच्या नखावर मावेल एवढा. त्यावर जवळजवळ दीड कोटी ठिपके दाटीवाटीने बसवले, की एकेकाच्या वाट्याला उजेड येतो चिमूटभर. मग आयएसओ वाढवावा, तर कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली आत्याबाईंचे गाल रवाळ येतात. ठिपके कमी केले की माणशी जागा वाढते. मुंबईत आजवर एकाही बिल्डरला न जमलेली गोष्ट या मंडळींनी नखाएवढ्या जागेत करून दाखवली, असं माझं प्रामाणिक मत आहे.

"शिवाय स्क्रीन उघडतो, फिरतो," मी म्हणालो. "विसर्जनाच्या गर्दीत नुसता हात उंच करायचा. वर काय चाललंय ते खाली उभ्या उभ्या दिसतं."

फिरता स्क्रीन जी-६ ला होताच, हे काही मी बोललो नाही. २००६ च्या जी-७ मध्ये तो गेला, त्याच्याबरोबर रॉ फाइलही गेली. रॉ परत आणली २००७ च्या जी-९ ने, स्क्रीन आता जी-११ ने. जी-८ निघालाच नाही, नाहीतर त्यानेही काहीतरी परत आणलं असतं.

बोरा बाजारातल्या दुकानदाराने अंगठ्याने स्क्रीन बाहेर ओढला आणि गर्रकन हिच्याकडे वळवला. हिने त्यात स्वतःला पाहिलं, बट कानामागे सारली, मान जराशी तिरपी केली. पाऊण सौदा तिथेच झाला. जुनीच बॅटरी याला चालते हे कळल्यावर उरलेला पाव मी केला.

मग एक्स्चेंजसाठी जुना पुढे केला. तो मला विकताना याच गृहस्थांनी १४.७ हा आकडा मंत्रासारखा जपला होता. आता त्यांनी कॅमेरा उलटासुलटा केला आणि काउंटरवर ठेवून दिला.

"साहेब, एवढे मेगापिक्सेल हल्ली घेतो कोण?"

मी काही बोलायच्या आत ही पुढे सरकली. "भाऊ, मग नव्यात ४.७ कमी आहेत ना? तेवढे पैसे वजा करा."

त्यांनी कॅल्क्युलेटर उचलला, क्षणभर पाहिला, परत ठेवला आणि खालच्या खणातून एक पाऊच काढून दिला. फुकट.